रिकामे बाक, भरलेले आवार: जुन्या जिनिंगमधल्या एका केंद्राचे प्रकरण

हिंगणघाट आणि समुद्रपूर यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात, बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, शेडमध्ये, एक केंद्र चालते. लोखंडकाम, लाकूडकाम, सायकली आणि फवारणी पंपांची दुरुस्ती, अलीकडे थोडे मातीकाम. इथे प्रमाणपत्र मिळत नाही आणि नोकरीची हमी कोणी देत नाही. हत्यारे आहेत, शिकवणारी माणसे आहेत, संध्याकाळी दार उघडे असते. हे टिपण त्या केंद्राच्या एकाच प्रश्नाबद्दल आहे. कार्यक्रम ठेवला की गाव लोटते, दुसऱ्या दिवशी बाकावर चिटपाखरू नसते, त्याचे करायचे काय? गावाचे, केंद्राचे आणि माणसांचे नाव देत नाही. लोक मोकळेपणी बोलले ते त्याच अटीवर.

आधी शेडबद्दल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातल्या कापसाला भाव आला. ‘हिंगणघाट’ हे त्या काळी बाजारात कापसाच्या एका जातीचे नाव होते. पुढे या भागात ठिकठिकाणी रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रे, बसले, आणि नंतरच्या काळात त्यातले कित्येक बंदही पडले. या शेडमधले रेचे केव्हाच भंगारात गेले होते, पण तुळयांवर, कोनाड्यांत, टिनाच्या खाचांत वर्षानुवर्षांची रुई साचलेली होती. तिथे वेल्डिंगची एक ठिणगी पडली असती तर केंद्राचे उद्घाटन अग्निशमन दलाने केले असते. सल्लागाराच्या आराखड्यात भट्टी शेडच्या आत दाखवली होती. गावातल्या एका म्हाताऱ्या हमालाने, ज्याची सगळी उमर जिनिंगवर गेली, ती बाहेर काढायला लावली. शेडच्या पूर्वेला उघड्यावर चार खांबांचे छप्पर झाले, वाळूच्या बादल्या टांगल्या आणि मगच ऐरण बसली. जुना थ्री-फेजचा जोड कापलेला होता, नवा मिळेपर्यंत सिंगल-फेजवर चालणाऱ्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर भागवले.

पहिले वर्ष: शाल, श्रीफळ, हजेरी

उद्घाटन २६ जानेवारीला झाले. मंडप, रांगोळी, शाळेच्या मुलांची लेझीम, पाहुण्यांची भाषणे, बचत गटांचे स्टॉल. आवार भरून गेले. पैसे एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आलेले, त्यामुळे फोटो आणि हजेरीपत्रक दोन्ही चोख. आठवडाभर संयोजक ताई रोज चार वाजता कुलूप काढायच्या आणि सातला लावायच्या. यायची ती आयटीआयची दोन-तीन पोरे, आणि तीही परीक्षेच्या आधी वेल्डिंगचा हात बसवायला. मग स्वातंत्र्य दिनाला पुन्हा कार्यक्रम, पुन्हा गर्दी, पुन्हा रिकामे बाक.

विश्वस्तांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, कार्यक्रम बंद करा, तो पैसा साहित्यावर घाला. दुसऱ्याचे म्हणणे, कार्यक्रम वाढवा, लोकांना सवय लागेल. माझ्या मते दोघेही एकाच चुकीच्या जागेवरून बोलत होते. दोघांनीही कार्यक्रम म्हणजे केलेल्या कामाची मांडणी असे धरले होते. मांडण्यासारखे काम मात्र गावातल्या कोणी केलेलेच नव्हते. पहिल्या प्रदर्शनातल्या बहुतेक वस्तू बाहेरून आणलेल्या होत्या.

भाषणांत वर्ध्याचा वारसा येणारच होता, आणि तो खोटा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचे ठाणे होती आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला गेला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. या सगळ्यातली एक जुनी गोष्ट मात्र कोणाच्या भाषणात आली नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा हलका हवा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा, बाईला फार न दमता आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. बक्षीस अखेर कोणाच्या पदरात पडले नाही. तरी ही मागणी किती नेमकी होती ते पाहा. वस्तू कोणासाठी, कुठे चालणार, काय किमतीला, हे आधी ठरले आणि मग करणाऱ्यांना बोलावणे गेले. आपल्या केंद्राने गावाला बोलावणे धाडले होते, पण काय करायला या, ते सांगितले नव्हते.

गाव बाकावर का बसत नव्हते

वेळेची अडचण खरी होती. जून ते सप्टेंबर पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी. ऑक्टोबरात सोयाबीन. दिवाळीपासून कापसाची वेचणी, आणि ती बहुतेक बायांच्या अंगावर. एप्रिल-मे मोकळे, पण पारा पंचेचाळीसच्या वर गेला की टिनाच्या शेडमध्ये दुपारी उभे राहवत नाही. अहवालात याच कारणाला पानभर जागा दिली होती.

जे कारण अहवालात नव्हते ते जातीचे. लोखंडकाम म्हटले की गावाच्या डोळ्यांपुढे एक घर येते, लोहाराचे. लाकूडकाम म्हटले की वाढयाचे, बांबू म्हटला की बुरडाचे. कास्तकाराच्या पोराने हातोडा उचलला तर पानठेल्यावर टोमणा ठरलेला: “काय बे, लोहारकी घेतली का बापानं?” आणि लोहाराचे पोरगे, ज्याला भाता, ताव, पाणी देणे हे सगळे पाहून पाहूनच अर्धे येते, त्याला नेमके त्यातूनच बाहेर पडायचे आहे. त्याला मोबाइलच्या दुकानात बसायचे आहे किंवा नागपूरला कंपनीत लागायचे आहे. शहरातल्या माणसाला एप्रन घालून मातीचे भांडे फिरवताना मोकळे वाटते, कारण त्याच्या आजाला कोणी कुंभार म्हणून पंगतीत वेगळे बसवलेले नसते. गावात ऐरणीपाशी उभे राहणे हे छंद म्हणून कोणी पाहत नाही.

म्हणून “सर्वांसाठी खुले” या पाटीचा उपयोग शून्य होता. दार सर्वांना उघडे होते, बाक मात्र ज्याच्या त्याच्या जातीचा होता.

आगीचा कार्यक्रम, जो झाला नाही

मधल्या काळात एका विश्वस्ताने कुठेतरी ‘द क्रुसिबल’च्या चित्रफिती पाहिल्या. ही अमेरिकेतली १९९९ साली सुरू झालेली आणि आता ओकलंड शहरात असलेली संस्था. वेल्डिंग, ओतकाम, लोहारकाम, काच, निऑन असे विषय तिथे सामान्य नागरिकांना शिकवतात, आणि आगीच्या खेळांसह केलेल्या संगीतिकांसाठी ती प्रसिद्ध आहे. विश्वस्तांना तेच हवे होते. डिसेंबरात एक रात्र, भट्ट्या पेटलेल्या, ठिणग्यांचे कारंजे, शहरातून पाहुणे.

ग्रामपंचायतीच्या बैठकीत हा विषय दहा मिनिटेही टिकला नाही. डिसेंबरात गावात जिकडेतिकडे कापूस असतो. घराघरांत, पडवीत, बंड्यांवर, एकेकाच्या झोपायच्या खोलीत छतापर्यंत. बिडीची एक काडी वर्षाची कमाई खाते, हे प्रत्येकाने पाहिलेले किंवा ऐकलेले. एक म्हातारे काकाजी एवढेच म्हणाले, “आग पाहाले आमी पैसे देऊन कायले येऊ, बाप्पा? तिच्याच भेवानं तर रातभर जागतो.”

ओकलंडच्या संस्थेत खोट नाही. तो बंदराचा, कारखान्यांचा प्रदेश. आग तिथे कामाच्या ओळखीची आहे. कापसाच्या मुलखात आगीचे नाते वेगळे आहे, आणि ते नाते कोणी विचारलेच नव्हते.

मे महिन्यातले पाल

पहिला खरा बदल योगायोगाने झाला. पेरणीच्या आधी गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी लोहारांची पाले रस्त्याच्या कडेला पडतात. वखराच्या पासा (लोखंडी पाती), विळे, कुऱ्हाडी पाजवून द्यायच्या, चार-आठ दिवसांत पुढचे गाव. केंद्राने त्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले. स्टेज, माईक, एका कुटुंबाने पास तापवून दाखवली, टाळ्या, शाल, श्रीफळ, फोटो. संध्याकाळी त्या कुटुंबातली बाई ताईंना म्हणाली की आजचा दिवस बुडाला, शाल विकून काय येईल?

ताईंनी हे ऐकून घेतले, आणि पुढच्या वर्षी स्टेज लागले नाही. पालांना आवारात जागा दिली, पाणी दिले, कोळसा रास्त भावात दिला, आणि गावात दवंडीसारखे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले की पासा पाजवायला केंद्रावर या. मजुरी त्यांची, ठरवणारे ते. सात-आठ दिवस सकाळी सहापासून आवारात रांग. शेतकरी आपली पास घेऊन उभा, म्हणजे तासभर तरी थांबणार, म्हणजे बघणार.

बघण्यासारखे होतेही. घिसाड्यांत घण बहुतेक बाई मारते. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरून बसतो, लहान हातोडीने जागा दाखवतो, आणि बाई उभी राहून त्याच जागी घण टाकते. हा ताल चुकला तर मनगट जाते. गावातल्या पोरी, ज्यांना आजवर केंद्राच्या दारातून परत बोलावले जात होते, शाळा सुटली की दप्तरासकट तिथे उभ्या. “बाईचं काम नाई” हे वाक्य त्या आठवड्यात कोणाला म्हणता येईना, कारण समोर बाईच ते काम करत होती, आणि ज्याची पास होती तो मजुरी मोजत होता.

त्यानंतर दोघींनी विचारले, आम्हाला लोखंडावर बसवता का? एकीला घरून परवानगी मिळाली, दुसरीला नाही.

तान्हा पोळा

प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून सविस्तर.

श्रावणी अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा ही आपल्याकडची रीत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावे लागते: त्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत मैदानात आणतात, तोरणाखाली उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची कवने, म्हणतात, आणि पोळा फुटला की घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे बक्षिसीचे पैसे, मागतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून हे चालत आल्याचे सांगतात. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या भागांत एखादे घर खऱ्या बैलाविना असेल, आता ट्रॅक्टरमुळे तशी घरे वाढलीच आहेत, पण मूल असलेल्या घरात लाकडी बैल बहुधा असतोच. हल्ली तो बाजारातून येतो, रंगवलेला, कधी प्लास्टिकच्या चाकांचा.

ताईंनी वार्षिक कार्यक्रमाचा सगळा पैसा इथे वळवायचा ठरवला. अटी लिहिल्या. बैल यंदाच केलेला हवा. मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस कामाला हवे. लाकूड आणि हत्यारे केंद्राची, तीन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी. आणि निकाल सजावटीवर लागणार नाही. जिनिंगच्या ज्या ओट्यावर बंड्या रिकाम्या व्हायच्या, त्याला एक उतार आहे. उताराच्या माथ्यावरून बैल सोडायचा. जो सरळ खाली येईल तो पास. जो भिंतीवर जाईल त्याने दुसऱ्या दिवशी येऊन चाके दुरुस्त करावी.

सगळा फरक या शेवटच्या अटीने पडला. सुंदर बैल करायला कला लागते आणि “मले नाई जमत” म्हणून हात झटकता येतात. सरळ धावणारा बैल करायला कला लागत नाही, माप लागते. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे बैल भिंतीवर गेले. मग कारणांचा शोध सुरू झाला. चाकाचे भोक मध्यावर नाही. दोन आस एकमेकांना समांतर नाहीत. बैल एका बाजूला जड आहे. उपाय सगळे साधे आणि जुने. चौकोनी फळीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन रेघा मारा, जिथे छेदतात तिथे आधी भोक पाडा, मग गोल कापा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकत्र शिकंज्यात धरून एकदमच भोक पाडा, म्हणजे आस समांतर येतील. शाळेत कर्ण आणि समांतर रेषा शिकलेल्या पोराला त्या रेषांचे पहिले काम इथे भेटले.

लाकडाचा धडाही असाच मिळाला. बाभळीचे लाकूड तिफणीला चालते, पण नवख्याच्या पटाशीला ते दाद देत नाही. सावरी मऊ, पण तंतू उठतात. पडलेल्या आंब्याचे लाकूड सगळ्यांत बरे निघाले.

शिकवणार कोण, हा प्रश्न होताच. गावात एक वाढई बाबाजी उरले होते, सत्तरीचे, ज्यांनी आयुष्यभर वखर, तिफणी, दमण्या (हलक्या बैलगाड्या) केल्या आणि शेवटच्या काही वर्षांत खाटांचे पाय. ते आधी आलेच नाहीत. “माह्या पोरानं शिकलं नाई, तुमच्या पोराइले कायले शिकवू?” ताईंनी दोनदा जाऊन विनंती केली, तिसऱ्यांदा रोज सांगितला: गवंड्याला जो मिळतो तोच, तीन आठवडे, नगद. ते आले. मानधन या नावाखाली जे पाकीट दिले जाते त्याबद्दल माझे मत फारसे बरे नाही. कारागिराला मान हवाच, पण तो रोजाच्या बदल्यात देऊ केला की त्याला बरोबर कळते. बाबाजींनी लाकूड तासायचे वाकस हातात घेतल्यावर पाचवीतला एक पोरगा त्यांना आजोबा म्हणू लागला. तो पोरगा कोणत्या घरचा आणि त्याच्या घरी बाबाजींना चहा कोणत्या कपात मिळायचा हे गावाला माहीत आहे, म्हणून इथेच थांबतो.

आया पहिल्या आठवड्यात दाराशी उभ्या राहायच्या. “मोठे माणूस” म्हणून बाप यायचे होते, पण बाप फवारणीवर. मग आया आत आल्या. झूल, मठाट्या (कपाळावरची सजावट), शिंगांना बेगड हे त्यांचेच काम, ते करता करता गिरमिट कोणी हातात घेतले हे लक्षातही आले नाही. तीन आठवड्यांत शेडमध्ये जेवढी माणसे रोज बसली तेवढी आधीच्या पूर्ण वर्षात बसली नव्हती, असे ताईंचे म्हणणे. हजेरीपत्रक त्या दिवसांत कोणी भरले नाही.

मान कोणाचा

आता घोटाळा. पोळ्याला मान असतो. तोरणाखाली पहिली जोडी कोणाची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, आणि त्यावरून गावोगाव भांडणे झालेली आहेत. या गावातल्या मानकरी घरात सागवानाचा एक जुना बैल आहे, गुडघ्याएवढा, पितळी घंटा लावलेला. तान्ह्या पोळ्यात तो पुढे असतो. केंद्राची अट मात्र “यंदाच केलेला” अशी. जुन्या बैलाला जागाच नव्हती.

ताईंच्या हे लक्षात होते, पण अट बदलायला त्या तयार नव्हत्या. मानकरी घराने काही भांडण केले नाही. त्यांनी पारावर आपला तान्हा पोळा ठेवला, त्याच दिवशी, त्याच वेळी, आणि बोजारा प्रत्येक मुलाला दहाऐवजी वीस रुपये. चार वाजता केंद्राच्या आवारातली अर्धी पोरे आपापले बैल ओढत पाराकडे गेली. का जाऊ नयेत? बोजाऱ्यासाठी तर हा दिवस असतो. जी थांबली ती बहुतेक ज्यांना पारावर मागे उभे राहावे लागते त्या वस्तीतली. म्हणजे सगळ्या गावाला एका बाकावर आणायला निघालेल्या कार्यक्रमाने संध्याकाळपर्यंत गावाची नेहमीची दोन तुकड्यांची मांडणी जशीच्या तशी उभी केली.

अहवालात त्या वर्षीचा कार्यक्रम यशस्वी आहे.

पुढच्या वर्षी सरपंच बाईंनी तोड काढली. दुपारी दोन वाजता केंद्रात उताराची शर्यत, तिथे मान नाही, चिठ्ठीने नंबर. चारला सगळे बैल मिरवणुकीने पारावर, तिथे जुना बैल पुढे, तोरण, झडत्या, बोजारा. दोन्ही झाले, सगळी मुले दोन्हीकडे होती. मानकऱ्यांच्या नातवाने उतारासाठी नवा बैल केला आणि तो भिंतीवर गेला, यावर गाव आठवडाभर हसले. तोही हसला.

माझ्या मते ही तोड अर्धी आहे. पारावरच्या मानाला कोणी हात लावलाच नाही, फक्त त्याच्या आधी दोन तास एक मोकळी जागा केली. ताईंचे उत्तर असे की हे दोन तासही पूर्वी नव्हते. विश्वस्तांपैकी एकाला अट मोडल्यासारखे वाटते. बचत गटाच्या बायांना मात्र हा वाद फुकाचा वाटतो. त्यांच्या लेखी मुले एकत्र चालत गेली हे पुरे.

पोळ्यानंतर बाकावर कोण उरले

बैल करणाऱ्यांतले बहुतेक पोळा झाल्यावर गेले. हे अपेक्षितच होते. उरली ती चाकांत अडकलेली चार-पाच पोरे आणि दोन मुली. चाकांवरून ती सायकलीकडे वळली, सायकलीवरून बेअरिंगकडे. बंद पडलेल्या मोटारींची बेअरिंगे काढून पुढच्या वर्षीच्या बैलांना लावायचा त्यांचा बेत होता, तो बाबाजींनी हाणून पाडला: बैल इतका पळायला लागला तर तो बैल कशाचा, मोटरसायकल म्हणा.

जास्त टिकाऊ ठरली ती आयांची मागणी. झूल शिवता शिवता एकीने विचारले होते की आमचा फवारणी पंप गळतो, तो पाहून देता का? आठवडी बाजाराचा दिवस धरून दुरुस्तीची संध्याकाळ सुरू झाली. बाजाराला माणसे येतातच. वेगळे बोलावणे लागत नाही. पंप, विळे, सायकली, कुकरचे कान, पंख्यांचे कंडेन्सर. दुरुस्तीला आलेल्या माणसाने हात लावायचा, नुसते टाकून जायचे नाही, एवढी एकच अट. फवारणी पंपात बहुतेक वेळा दोष वॉशरचा किंवा नोझलमध्ये अडकलेल्या कचऱ्याचा असतो, आणि नोझल तोंडाने फुंकून साफ करायची सवय इथे जीवघेणी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, ते इथे कोणी विसरलेले नाही. म्हणून पंपाच्या बाकावर पहिले हातमोजे, मग पंप उघडणे, आणि नोझलसाठी दाढीचा किंवा दातांचा जुना ब्रश. ही संध्याकाळ सर्जनशील आहे का, असे निधीवाल्या कंपनीने विचारले होते. ताईंनी त्यांना बुधवारी यायला सांगितले. आलेल्या बाईंनी स्वतःच्या गाडीतली छत्री दुरुस्त करून नेली.

थंडीत आवारात गुरुदेव सेवा मंडळाचे भजन होते. खंजिरीच्या कड्या तिथेच ठोकल्या जातात. त्यापलीकडे त्या कार्यक्रमाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही, तो आपोआप चालतो.

पैसा

कंपनीचा निधी तीन वर्षांचा होता, तो आता संपतो आहे. दुरुस्तीला आणि कार्यक्रमांना पैसे घ्यायचे की नाही यावर समितीत सध्या वाद आहे. “गावातला माणूस कलेला पैसे देत नाही,” हे वाक्य बैठकीत हमखास येते. ते खरे नाही, आणि पुरावा शेजारीच आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, वडसा (देसाईगंज) भागात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने पाहुणे गोळा होतात, रात्री तिकीट काढून नाटक पाहतात, कंपन्या त्यावर चालतात. त्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या प्रेक्षकाने ती रंगभूमी पोसली तो आपल्यासारखाच धानाचा, कापसाचा कास्तकार आहे. पाहुणा घरी आलेला असतो, त्याला रात्री कुठे न्यायचे हा प्रश्न असतो, आणि नाटक त्याचे उत्तर असते, म्हणून पैसा निघतो. आपल्या केंद्राच्या भाषणांच्या कार्यक्रमांनी असा कोणाचाही प्रश्न सोडवला नव्हता. दुरुस्तीची संध्याकाळ सोडवते. पंपाला नवा वॉशर टाकून घेणाऱ्याने वीस रुपये द्यायला आजवर कुरकुर केलेली नाही. डब्यात टाकतो आणि जातो.

तान्ह्या पोळ्याचे मात्र वेगळे. त्याला प्रवेश फी लावली तर ज्या वस्तीतली मुले आधी थांबली होती तीच पहिल्यांदा गळतील. ताईंचा प्रस्ताव असा की मेमध्ये घिसाड्यांच्या आठवड्यात कोळशावर जे थोडे सुटते, आणि बाजाराच्या संध्याकाळचा डबा, हे दोन्ही पोळ्याच्या लाकडासाठी आणि बाबाजींच्या रोजासाठी वेगळे ठेवावे. खजिनदारांना हे पुरणार नाही असे वाटते, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. बाबाजींनी यंदा रोज वाढवून मागितला आहे, शिवाय हात थरथरतो म्हणून एक मदतनीस. तो मदतनीस म्हणून त्यांनी घण मारायला शिकलेल्या त्या मुलीचे नाव सुचवले. तिच्या घरच्यांनी अजून होकार दिलेला नाही, आणि सोयाबीन सोंगून झाल्याशिवाय तिचे वडील बोलायला बसणार नाहीत.